रॉडवरचा आकडा आणि हातातलं ल्युअर : जादा वजन फेकण्याचा खर्च किती?

पावसाळा ओसरून खाड्यांचं पाणी निवळायला लागलं की कोकणातल्या खडकांवर आणि जेट्ट्यांवर गरवणाऱ्यांची वर्दळ वाढते. जिताडा, तांबोशी, रावस यांच्या मागे असलेल्या या मंडळींत जिवंत कोळंबीऐवजी कृत्रिम आमिष, म्हणजे ल्युअर, वापरणारे आता पुष्कळ आहेत. नव्यानं रॉड घेतलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. रॉडवर १० ते ३० ग्रॅम लिहिलंय, मासा लांब फुटतोय, माझ्याकडे ४५ ग्रॅमचं ल्युअर आहे, फेकू का?

उत्तर सुरुवातीलाच देतो. फेकता येतं, पण पूर्ण जोर लावून नाही. आणि जोर लावायचा नसेल, तर ज्या अंतरासाठी जड ल्युअर घेतलं ते अंतर बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणजे रॉडवरच्या आकड्याबाहेर जाताना पैसे धोक्यात घालून त्या बदल्यात फारसं काही हाती लागत नाही. हे कसं, त्याला खर्च किती येतो आणि त्याच पैशात दुसरं काय करता येतं, ते आता पाहू.

आकडा नेमका कशाचा?

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत दोन-तीन आकडे छापलेले असतात. त्यांतला एक दोरीचा, एक ल्युअरच्या वजनाचा. अमेरिकी पद्धतीच्या रॉडवर वजन औंसात असतं. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, अर्धा औंस १४, पाऊण औंस २१, दीड औंस ४२ आणि दोन औंस ५७ ग्रॅम. जपानी पद्धतीच्या रॉडवर ग्रॅम आणि ‘पीई’ असे आकडे दिसतात. पीई हे विणलेल्या दोरीच्या जाडीचं माप आहे, ल्युअरच्या वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. ‘पीई ३’ वाचून त्यावरून ल्युअरचं वजन ठरवणारे लोक दुकानात भेटतात, म्हणून हे आवर्जून सांगायला हवं.

ल्युअरच्या वजनाचा वरचा आकडा म्हणजे तो रॉड नेहमीच्या, जोरकस फेकीत बिनधोक पेलेल असं कंपनीनं ठरवलेलं वजन. हे वजन ठरवण्याचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एक मानक नाही. एखादी कंपनी हात राखून आकडा छापते, दुसरी गिऱ्हाइकाला भुलवायला मोठा छापते. त्यामुळे एका कंपनीचा ३० ग्रॅमचा रॉड दुसरीच्या ३० ग्रॅमच्या रॉडपेक्षा बराच कणखर निघू शकतो. किनाऱ्यावरून फेकायच्या काही जपानी रॉडवर दोन कमाल वजनं दिलेली असतात, लोखंडी किंवा शिशाच्या जिगसाठी जास्त आणि प्लगसाठी, म्हणजे माशाच्या आकाराच्या पोकळ ल्युअरसाठी, कमी. असे दोन आकडे दिसले तर तुमच्या डबीत काय आहे ते पाहून आपला आकडा निवडा.

एक फसगत मात्र महाग पडते. होडीतून सरळ खाली जिग सोडण्यासाठी बनवलेल्या रॉडवर ‘जिग ६० ते २०० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा खाली सोडण्याचा आहे, फेकण्याचा नाही. असा आखूड, नाजूक टोकाचा रॉड घेऊन कुणी खडकावरून १०० ग्रॅमची जिग पूर्ण ताकदीनं फेकली तर रॉड पहिल्याच दिवशी जाऊ शकतो, आणि वॉरंटीही मिळणार नाही. घेताना विचारायचा प्रश्न ‘किती वजन चालतं?’ असा नाही. ‘किती वजन पूर्ण जोरानं फेकता येतं?’ असा आहे.

मोठा मासा निघाला, मग जड ल्युअर का नको?

हा युक्तिवाद इतक्या वेळा ऐकू येतो की त्यावर थोडं थांबायला हवं. ‘याच रॉडवर मी सहा किलोचा जिताडा काढला, मग ५० ग्रॅमच्या ल्युअरनं काय होणार?’ वरवर बिनतोड वाटतं. पण मासा ओढतो आणि आपण फेकतो, या दोन वेळी रॉडवर पडणारा भार वेगळ्या जागी आणि वेगळ्या प्रकारे पडतो.

मासा ओढत असताना दोरी सगळ्या गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधून, जाते, रॉड हळूहळू वाकतो आणि ताण टोकापासून सरकत मुठीकडच्या जाड भागावर येतो. शिवाय रीलचा ड्रॅग मध्ये असतो. ड्रॅग तीन किलोवर लावला असेल तर त्याहून जास्त ओढ आली की दोरी सुटते आणि रॉड वाचतो. फेकताना हा पहारेकरी जागेवर नसतो, कारण दोरी आपण बोटात धरलेली असते. ल्युअर मागे लटकत असतं, आपण रॉड झटक्यात पुढे आणतो आणि ते जड वजन जागचं हलायला नकार देतं. तो झटका आधी टोकाकडच्या पातळ भागावर बसतो. झटका जितका तीव्र तितका भार ल्युअरच्या वजनाच्या कितीतरी पट होतो, आणि त्याला आवर घालणारं आपल्या हाताशिवाय दुसरं काही नसतं. ४५ ग्रॅमचं ल्युअर ३० ग्रॅमवाल्याइतक्याच वेगानं झटकलं तर भार सरळ दीडपट.

फास्ट ॲक्शनचे, म्हणजे फक्त वरच्या भागात वाकणारे रॉड या बाबतीत जास्त हळवे. जास्त वजन लागलं की त्यांचं टोक घडी पडल्यासारखं मागे झुकतं आणि खालचा ताकदीचा भाग कामालाच लागत नाही. मुळापर्यंत वाकणारे संथ रॉड जादा वजन अधिक सोसतात, कारण भार लांबीभर वाटला जातो.

कार्बनचीही गोष्ट आहे. जाहिरातीत ‘३० टन’, ‘४० टन कार्बन’ असे आकडे असतात. हे कार्बनच्या ताठपणाचं माप आहे, मजबुतीचं नाही. जास्त टनांचा ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ दांडी, हलका आणि चपळ असतो, पण ताठ असल्यामुळे मोडण्याआधी कमी वाकतो, आणि भिंत पातळ असल्यानं खडकावर आपटून पडलेली बारीक चीर त्याला सोसत नाही. काच आणि कार्बन मिसळलेले रॉड जड आणि थोडे आळशी, पण दणकट. १९७६ साली बाजारात आलेला ‘अग्ली स्टिक’ आजही खपतो तो या दणकटपणावरच. ज्यांना जादा वजन फेकण्याची सवय सोडवत नाही त्यांनी महागड्या ४० टनी रॉडपेक्षा काच-मिश्रित रॉड घ्यावा. दोन-तीन हजार वाचतील आणि रॉडही वाचेल.

आधी वजन करा

रॉडवरचा आकडा पाळायचा तर ल्युअरचं खरं वजन माहीत हवं, आणि इथेच बहुतेकांची गडबड होते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा साधारण ३०० ते ६०० रुपयांत मिळतो. गरवण्याच्या सगळ्या सामानात इतका उपयोगी पडणारा दुसरा स्वस्त जिन्नस मला माहीत नाही.

पाकिटावरचं वजन अनेकदा नुसत्या ल्युअरचं असतं. आपण त्याचे गळ बदलून जाड बसवतो, मजबूत रिंगा घालतो, स्नॅप लावतो. चार-सहा ग्रॅम सहज वाढतात. रबरी माशाच्या बाबतीत फरक फार मोठा पडतो. जिगहेडच्या पाकिटावर २१ ग्रॅम लिहिलेलं असतं, पण ते फक्त शिशाच्या डोक्याचं वजन. त्यावर पाच इंची रबरी मासा चढवला की आणखी १५ ग्रॅमच्या आसपास वजन पडतं. म्हणजे ३० ग्रॅमच्या रॉडवर तुम्ही ३६ ग्रॅम फेकताय आणि मनात २१ धरून हात मोकळा सोडताय. मरळ धरायला तळ्यावर बेडूक वापरणाऱ्यांनीही लक्ष द्यावं. पोकळ बेडकात पाणी शिरलं की तो जड होतो. फेकण्याआधी दाबून पाणी काढायची सवय लावून घ्या.

वजन केलं की बारीक मार्करनं डबीच्या कप्प्यावर लिहून ठेवा. अंधारात, भरती चढत असताना कुणी वजनकाटा काढत नाही.

आता रॉडची पारख. छापील आकड्यावर विश्वास बसत नसेल तर घरी एक सोपी चाचणी करता येते. अमेरिकेतले विल्यम हॅनेमन यांनी रॉडची ताकद मोजायला सेंटच्या नाण्यांची एक पद्धत मांडली. तिचं तत्त्व असं की रॉड आडवा धरून टोकाला वजन टांगायचं, आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत ते वाढवत जायचं. जितकं वजन लागलं तितकी रॉडची ताकद. आपल्याकडे नाण्यांऐवजी तांदूळ चालतील. रॉडची मूठ टेबलावर आडवी घट्ट धरायला कुणाला तरी सांगा, टोकाच्या रिंगेला प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि तांदूळ हळूहळू ओता. आठ फुटी रॉडचं टोक साधारण ८० सेंटिमीटर खाली आलं की थांबा आणि पिशवीचं वजन करा. हा आकडा फेकण्याच्या वजनाचा नव्हे, त्याहून खूप मोठा असतो. पण सारख्याच लांबीच्या दोन रॉडची तुलना करायला तो उत्तम आहे. ज्या रॉडनं तुम्ही निर्धास्तपणे ४० ग्रॅम फेकता त्याला लागतात तितके तांदूळ नव्या रॉडला लागत नसतील, तर त्यावर ४० छापलेलं असलं तरी तो ४० चा धरू नका.

मोडलं तर किती?

पुढचे आकडे हिशोबाला धरण्यापुरते, ढोबळ आहेत. गाव, दुकान आणि ब्रँड बदलला की कमीजास्त होतील. मुंबई-पुण्यात कारागीर मिळतात, पण मालवण किंवा गुहागरकडच्या माणसाला कुरिअरचे चार-पाचशे रुपये वर धरावे लागतील, कारण लांब रॉडचं पार्सल महाग पडतं.

सगळ्यात स्वस्त नुकसान म्हणजे टोकाची रिंग निखळणं. रिंग ५० ते ३०० रुपयांना येते, आणि गरम करून लावायच्या डिंकानं ती घरीसुद्धा बसवता येते. मधला एखादा गाइड वाकला किंवा त्याचा धागा सुटला तर नव्यानं बांधायला गाइडच्या दर्जाप्रमाणे २०० ते ५०० रुपये. टोकाचे दोन-तीन इंच मोडले तर कारागीर तुटका भाग साफ करून मोठ्या मापाची रिंग बसवतो, तेही याच रकमेत होतं. रॉड मात्र तितका आखूड आणि ताठ होतो. हलकी ल्युअर आता नीट जाणार नाहीत.

खरा खर्च मधून मोडल्यावर. आतून कार्बनची नळी घालून वरून धाग्यानं आणि रेझिननं बांधणी करायला ८०० ते २,००० रुपये लागतात. असा रॉड मासा ओढायला पुरतो, पण जड ल्युअर फेकायला माझं मन त्यावर कधीच भरवसा ठेवणार नाही. दोन तुकड्यांच्या रॉडचा फक्त वरचा तुकडा कंपनीकडून मागवायचा तर रॉडच्या किमतीच्या जवळपास निम्मा खर्च धरून चाला. आणि तोही मॉडेल चालू असेल तर! बाहेरून येणाऱ्या रॉडचा तुकडा यायला महिने लागतात, बंद झालेल्या मॉडेलचा मिळत नाही. एकसंध रॉड मोडला तर तोही मार्ग नाही.

रॉडबरोबर काय काय जातं तेही मोजा. दोरी तुटली तर ३०० ते १,५०० रुपयांचं ल्युअर समुद्रात. सोबत विणलेल्या दोरीचे काही मीटर. १५० मीटरची बऱ्यापैकी विणलेली दोरी हजारापासून तीन हजारांपर्यंत जाते, आणि दोन-तीनदा अशी तुटली की रीलवर उरलेली दोरी पुरत नाही, सगळी बदलावी लागते.

एक नमुन्याचा हिशोब करू. समजा रॉड ६,००० रुपयांचा, दोन तुकड्यांचा, १० ते ३० ग्रॅमचा. ४५ ग्रॅमचं ल्युअर जोरात फेकताना वरचा तुकडा मोडला. तुकडा ३,०००, कुरिअर ५००, गेलेलं ल्युअर ६००, दोरी २०० : एकूण ४,३०० रुपये, आणि ऐन मोसमातले काही आठवडे रॉडविना. या रकमेत २० ते ६० ग्रॅमचा, नऊ फुटी, सामान्य दर्जाचा दुसरा रॉड नवा येतो. रीलही बहुधा तेच चालतं. म्हणजे ज्याला जड ल्युअर नियमित फेकायची आहेत त्याला दुसरा रॉड घेणं हा चैनीचा खर्च नाही. मोडण्याच्या एका खर्चात तो बसतो.

वर्षातून दोन-चारदाच गरज पडत असेल तर दुसरा रॉडही नको. त्याला याहून स्वस्त उपाय आहेत.

अंतर वाढवायचे स्वस्त मार्ग

अंतर फक्त वजनावर ठरत नाही, हवेतल्या अडथळ्यावरही ठरतं. २८ ग्रॅमची सडपातळ लोखंडी जिग ४० ग्रॅमच्या जाडजूड पॉपरपेक्षा बहुतेक वेळा लांब जाते, कारण पॉपर हवेत लोळतो आणि जिग सरळ घुसते. ३० ग्रॅमच्या रॉडवाल्यानं डबीत २५-२८ ग्रॅमच्या दोन बारीक जिगा ठेवल्या तर तीन-पाचशे रुपयांत काम होतं. पोटात सरकणारे छर्रे असलेली प्लगही हाच फायदा देतात; फेकताना छर्रे शेपटीकडे जातात आणि ल्युअर हवेत न गिरकता जातं.

दोरी पातळ केली तरी अंतर वाढतं. आठ पदरी विणीची दोरी चार पदरीपेक्षा गुळगुळीत असते आणि गाइडमधून कमी घासते. रीलच्या फिरकीवर दोरी काठापासून दोनेक मिलिमीटरपर्यंत भरलेली ठेवा. अर्धी रिकामी फिरकी अंतर खाते, आणि ती भरायला जुन्या स्वस्त मोनोचा, म्हणजे एकपदरी नायलॉन दोरीचा, थर खाली घातला की जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

वाऱ्याचाही विचार करा, तो तर फुकट आहे. किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि फेकलेलं ल्युअर अंगावर परत आल्यासारखं जवळ पडतं. जड ल्युअरचा मोह नेमका याच वेळी होतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहत असतात, तेच ल्युअर तेव्हा पाठीशी वारा घेऊन कितीतरी लांब जातं. जिताडा आणि तांबोशी तसेही उजाडतानाच्या अंधुक प्रकाशात जास्त खातात. पाण्याचं टायमिंग जुळत असेल तर दुपारची फेरी सोडून पहाटेची धरा; हा सल्ला पैशाच्या दृष्टीनंही पक्का आहे.

आणि रॉड कितीही ताकदीचा असो, तो सगळ्यात चांगला फेकतो तो कमाल आकड्याच्या साठ ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास. १० ते ३० ग्रॅमचा रॉड १८ ते २४ ग्रॅमला पुरेसा वाकतो, नीट उलगडतो आणि ल्युअरला खरा वेग देतो. जादा वजनानं तो वाकलेलाच राहतो, वेळेवर सरळ होत नाही.

तरीही फेकायचंच असेल तर

माशांचा थवा समोर उसळतोय आणि डबीत ३५ ग्रॅमचंच ल्युअर आहे, असं होतं. कमाल आकड्याच्या दहा-वीस टक्के वर, शांत हातानं, चालून जातं असं माझं मत आहे. दीडपटीच्या पुढे मी कुठल्याच पद्धतीनं फेकू नये म्हणेन.

पद्धत अशी. ल्युअर टोकापासून नेहमीसारखं वीतभर न ठेवता रॉडच्या निम्म्या लांबीपर्यंत लटकू द्या. मागे नेऊन क्षणभर थांबा, ते पूर्ण मागे जाऊन दोरी ताणली गेली पाहिजे. मग दोन्ही हातांनी, बाजूनं आणि किंचित वर, एकसारख्या वाढत्या वेगानं रॉड पुढे आणा. शेवटचा मनगटाचा झटका पूर्ण टाळा. रॉड मोडतो तो त्या झटक्यानं. जागा अशी निवडा की मागे कठडा, झाड, विजेची तार आणि मुख्य म्हणजे माणूस नसेल.

प्रत्येक फेकीआधी टोकाकडे एक नजर टाका. विणलेल्या दोरीचा वेढा टोकाच्या रिंगेभोवती पडलेला असेल आणि त्याच स्थितीत फेकलं, तर क्षमतेतल्या वजनानंही टोक तुटतं. ‘आपोआप मोडला’ म्हणून दुकानात येणाऱ्या रॉडमागे पुष्कळदा हे वेढ्याचं कारण असतं. दुसरी तपासणी सांध्याची. दोन-तीन तुकड्यांचे रॉड फेकताना सांध्यात हळूहळू सैल होतात, आणि सैल सांध्यावर जड फेक आली की बाहेरच्या तुकड्याचं तोंड चिरतं. अधूनमधून पिळून घट्ट करा.

लीडर, म्हणजे विणलेली दोरी आणि ल्युअर यांच्या मधला जाड मोनोचा तुकडा, हा सुरक्षेचा भाग आहे. समुद्रकिनाऱ्यावरून शिसं फेकणाऱ्यांचा जुना नियम असा : दर औंसाला किमान १० पौंडांची दोरी. ४५ ग्रॅम म्हणजे दीड औंसाहून थोडं जास्त. त्याला २० पौंडांहून कमी लीडर लावूच नका, खडकाळ जागी ३० चा असू द्या. लांबी इतकी हवी की ल्युअर फेकायच्या स्थितीत लटकत असताना लीडरचे चार-पाच वेढे रीलच्या फिरकीवर राहतील. आठ फुटी रॉडला साधारण पाच मीटर. ५० मीटरचं साध्या मोनोचं रीळ २०० ते ४०० रुपयांना येतं, त्यातून असे दहा लीडर होतात. बोटाला विणलेल्या दोरीनं काप बसतो, त्यासाठी तर्जनीवर चामड्याची टोपी किंवा चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे पुरतात.

दुकानात आणि दुकानानंतर

रॉडच्या वॉरंटीत उत्पादनातला दोष बसतो. क्षमतेबाहेरचं वजन फेकून मोडलेला रॉड त्यात बसत नाही, आणि अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. म्हणून दुकानदारानं तोंडी ‘साठ ग्रॅम आरामात जातं’ असं सांगितलं आणि रॉडवर ३० छापलेलं असेल, तर त्याला तिथेच व्हॉट्सॲपवर लिहून द्यायला सांगा : अमुक मॉडेल, पूर्ण जोरानं फेकायचं कमाल वजन अमुक. लिहून देत नसेल तर छापील आकडा खरा माना. लिहून दिलं तर तो पुरावा आहे, जपून ठेवा.

बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव हवं. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं कायद्यानं बंधनकारक आहे. हे लेबल नसलेला ‘बाहेरून आणलेला’ रॉड हजार-दोन हजार स्वस्त मिळतो, पण मोडल्यावर भारतातला अधिकृत आयातदार त्याची जबाबदारी घेईल अशी अपेक्षा ठेवू नका. कुरिअरनं मागवलेला रॉड उघडताना सलग व्हिडिओ काढा. दोन्ही तुकड्यांची तोंडं, प्रत्येक गाइडची रिंग आणि टोक जवळून दाखवा. कापूस गाइडच्या रिंगेतून फिरवा. तंतू अडकले तर रिंगेला चीर आहे, ती दोरी कापणार.

पहिल्या फेऱ्यांत क्षमतेतल्या वजनानंच रॉड मोडला आणि दुकानदार टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वापरलेलं ल्युअर, त्याचं वजन दाखवणारा काट्याचा फोटो आणि मोडलेले दोन्ही तुकडे सांभाळून ठेवा. हौशी दुरुस्ती करून मग तक्रार केली तर दोष दाखवायला काही उरत नाही.

जुना रॉड विकत घेणार असाल तर मालकानं त्यावर काय फेकलं होतं हे विचाराच, पण उत्तरावर थांबू नका. टोक हळुवार गोल फिरवत वाकवून पाहा, कानाशी धरा. करकर ऐकू आली तर तो रॉड निम्म्या किमतीतही नको. सांध्याच्या तोंडाशी केसासारखी रेघ दिसली तरी तेच.

शेवटची गोष्ट पैशांची नाही. फेकताना दोरी तुटली तर ४०-५० ग्रॅमचं, दोन-तीन तिहेरी गळ लावलेलं ल्युअर कुणाच्याही डोळ्याच्या उंचीवरून वेगानं सुटतं. वांद्र्याच्या खडकांवर, वरळीला, गावोगावच्या जेट्ट्यांवर संध्याकाळी मुलं आणि फिरायला आलेली माणसं मागेच उभी असतात. अशा ठिकाणी रॉडच्या आकड्याबाहेरचं वजन अजिबात फेकू नका, आणि शेजारचा फेकत असेल तर त्यालाही थांबवा.